माहेरचा भाव

आमची ही होती तेव्हाची गोष्ट. मण्यांची तोरणं फार सुरेख करायची, पण कोणी किंमत विचारली की माझाच जीव खालीवर. आम्ही राहायला धारला, हिचं माहेर देवास; आणि माहेरच्या माणसाकडून ही नुसते मण्यांचे पैसे घेई, मजुरी नाही. हे गावभर झालं. मग जी येई ती म्हणे, "भाभी, मैं भी तो देवास की हूँ."

डोळे हिचे दुखत, चिडचिड माझी होई. शेवटी मी तोड काढली. देवासची दोन्ही संस्थानं नुकतीच विलीन झाली होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. हिचं माहेर थोरल्या पातीतलं. म्हटलं, "सवलत फक्त थोरल्या पातीला. बाकी सगळ्यांकडून पुरी मजुरी घ्यायची." ही बरं म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी एक बाई आल्या. "वहिनी, खोटं कशाला बोलू? मी धाकट्या पातीची."

मला हायसं वाटलं. हिनं तोरण कागदात गुंडाळून दिलं आणि मण्यांचेसुद्धा पैसे घेतले नाहीत.

"अगं, आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलं होतं. पण धाकटीकडून थोरलीनं पैसे घ्यायचे का हो?"