साठ ओळी आणि एक ‘हं’

...नाही, मला एक सांगा, स्पष्ट लिहायला काय पैसे पडतात का हो? आम्ही दोघं नवरा-बायको एकाच ऑफिसात, एकाच टेबलाशी, लिफ्टचे प्रोग्रॅम लिहितो, सी भाषेत. मी कसं लिहितो? दार बंद आहे का? आहे? मग मोटर सुरू कर. नाही? मग करू नकोस! प्रत्येक पायरीला कंस, वर शेरा, शेऱ्याखाली माझं नाव, तारीख... आणि ही? एक ओळ! एक प्रश्नचिन्ह, दोन टिंबं, दोन अधिक, झालं! मी म्हणतो, “अगं, हे कळणार कोणाला?” तर म्हणते, “ज्याला कळायचं त्याला कळतं.” अहो, पण स्पष्ट लिहायला काय पैसे पडतात?

तुम्हाला सांगतो, यात साहेब पडले. नाकातून बोलतात. “हे बघा, एका लिफ्टमध्ये दोन संसार नकोत. गुरुवारी गिऱ्हाईक येतंय. ज्याची पद्धत चालेल तो इथे, दुसऱ्यानं शुक्रवारपासून गावाबाहेरच्या शाखेत!” झालं का! नऊ वर्षं एका डब्यात जेवतोय आम्ही! म्हटलं, हिची ती ओळ साहेबांना कळायची नाही, धाडतील हिलाच. म्हणून बुधवारी, ही जेवणाचा डबा धुवायला गेली तेवढ्यात, मी ती ओळ सोडवून लिहिली. साठ ओळी! काय देखणं प्रकरण झालं होतं म्हणून सांगू...

फक्त एक झालं. ती ओळ आधी ‘शेवटचा मजला आला का’ बघायची आणि मग वर जायची. माझ्या साठ ओळी आधी वर जायच्या आणि मग बघायच्या!

गुरुवारी साहेब आणि गिऱ्हाईक पाचव्या मजल्याच्या वर, छताला टेकून, पाऊण तास! मेकॅनिकनं हातानं चाक फिरवून उतरवलं. साहेब घामानं निथळत बाहेर. “कोणी लिहिलंय हे?” आता शोधायला वेळ लागावा की नाही? साठ ओळी, साठ शेरे, साठदा माझं नाव! तारखेसकट! स्पष्ट!

घरी आलो. ही ओट्याशी उभी, एका डब्याचे दोन डबे करतेय. पाठमोरीच म्हणाली, “उद्यापासून तू तिकडे. काही बोलणार आहेस?”

मी म्हटलं, “हं.”

गर्रकन वळली! डोळ्यांत पाणी, हातात डाव! “मशीनला साठ ओळी आणि मला एक अक्षर? तुझ्यावाचून करमणार नाही, एवढं स्पष्ट बोलायला काय पैसे पडतात का रे?”

अहो, होतं ना मनात! सगळं होतं, कंसांसकट! तोंड उघडलं, जीव एकवटला आणि...

“हं.”

हिनं डाव खाली ठेवला, डोळे पुसले आणि म्हणाली, “कळलं.”

कळलं म्हणे! आता तुम्हीच सांगा, त्या साठ ओळी मी लिहिल्या कशाला?