एकशे नव्व्याण्णव विजय आणि एक बादली

सभेच्या अध्यक्षा डॉक्टर क्विनलन, व्यासपीठावरचे मान्यवर, सत्कारमूर्ती कोच लॉवेल हेकस्ट्रा, सत्कारमूर्ती ज्यांच्या धाकात असतात त्या विल्मावहिनी, आणि बटाट्याच्या कॅसरोलकडे डोळे लावून बसलेल्या सज्जनहो,

मी ऑर्विल स्टेंगर. नदीपलीकडच्या कॉलेजचा फुटबॉल कोच, म्हणजे आपला शत्रुपक्ष. आता गौरवाच्या भाषणाला शत्रूला का बोलावलं? तर कोचांच्या कारकिर्दीत विजय एकशे नव्व्याण्णव, आणि त्यातले अठरा माझ्याकडचा आहेर आहेत! दर नोव्हेंबरात मी या मैदानावर आलो आणि तोंड पाडून परत गेलो. त्यांच्या कीर्तीच्या इमारतीला माझ्याहून जास्त विटा कुणी पुरवल्या असतील, तर त्याने हात वर करावा. नाही ना कुणी? वाटलंच मला.

गेल्या महिन्यातला सामना आपण पाहिलाच. कोचांचा निवृत्तीआधीचा शेवटचा. जिंकले असते तर दोनशे पुरे. आणि मला त्यांना हरवायची ही अखेरची संधी. आठवडाभर ज्याने त्याने मला अक्कल शिकवली. आमच्या पाद्रीबाबांनी माझ्याकडे बघत बघत त्यागाचा महिमा सांगितला. आमची बायको बर्निस, ती बसलीय बघा तिकडे, म्हणाली, "यंदाही हरलास तर काय बिघडतंय? सवय आहेच की तुला."

खोटं कशाला बोलू, मन डळमळलं. तेवढ्यात लॉवेलचा फोन.

"ऑर्विल, दोनशेवा विजय मला दान दिलास, तर तुझ्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही. आणि तुझी ती बचावाची डावी फळी नीट कर, नुसती चाळणी झालीय!"

आता सांगा, असल्या माणसाशी वैर तरी कसं धरायचं?

फळी नीट केली. शेवटच्या किकवर आम्ही जिंकलो. जिंकलेल्या कोचच्या डोक्यावर पोरांनी बर्फाळ सरबताची बादली उपडी करायची, ही आपली रीत. किती वर्षं वाट पाहिली होती मी त्या बादलीची! टोपी काढली, डोळे मिटले, मान खाली घातली. थांबलो. थेंब नाही. डोळे उघडून बघतो तर काय, माझी पोरं बादली घेऊन पलीकडे पळालेली, आणि लॉवेल नखशिखान्त भिजून खदाखदा हसतोय!

का बरं? गेल्या उन्हाळ्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. मी अंथरुणावर, आणि हा माणूस रोज सकाळी पूल ओलांडून माझ्या पोरांचा सराव घ्यायला यायचा. शत्रूच्या पोरांचा! पोरं ते विसरली नाहीत. मीही नाही. लॉवेल, फार जीव आहे रे माझा तुझ्यावर. बोललो बाबा एकदाचं.

मघाशी विल्मावहिनी सुरी घेऊन केकवरचा दोनशेचा आकडा खरवडायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, वहिनी, राहू द्या. तयार केलेली पोरं त्याची, डावी फळी त्याची. तो दोनशेवा विजयही त्याचाच. माझ्या वाट्याला तर साधी बादलीसुद्धा आली नाही.

इथे बोलावून घेतलंत, शत्रूचं एवढं ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला, आणि...

अहो, हसताय काय सगळे? अध्यक्षाबाई, तुम्ही खुर्ची का लांब सरकवताय? लॉवेलची खुर्ची रिकामी कशी? कोण आहे मागे? लॉवेल, अरे थांब, माझा एकुलता एक सूट आहे हा!