मनोऱ्याच्या रांगेत

मनोऱ्यावर जाणाऱ्या लिफ्टसाठी मोठी रांग होती. परक्या देशात मागून अचानक मराठी ऐकू आलं, म्हणून कडेवरच्या लेकीला सावरत मी वळून पाहिलं. एक नवरा-बायको सँडविच खात मोबाइलवर घरी बसवलेल्या कॅमेऱ्यातलं चित्र बघत होते.

“अहो, आई अजून त्याच खुर्चीत आहेत.”

“डोळा लागला असेल. तू खा.”

“सकाळपासून? समोरचा चहासुद्धा तसाच आहे.”

“तुझ्या चहासारखा झाला असेल.”

“चेष्टा पुरे. फोनही उचलत नाहीत.”

“तिला ऐकू कुठे येतं?”

“शेजारच्या काकूंकडे किल्ली आहे. त्यांना बघून यायला सांगा.”

“की त्या लगेच ताईला कळवणार, आईला एकटीला टाकून गेलेत म्हणून. ताईला मी सांगितलंय, दिवसरात्र बाई ठेवलीय.”

“ओरडतील ताई. दुसरं काय करतील?”

“आयुष्यभर ऐकवेल. परत गेल्यावर बघू.”

“मान बघा ना, कशी कललीय.”

“हे बघ, पदर हलला आत्ता. उगाच जीव खातेस.”

“पंखा चालू आहे, अहो.”

“लिफ्ट आली, चल. आणि तो मोबाइल बंद कर. वर फोटो काढायला चार्जिंग उरायला हवं.”