तालिब येतोय

घोडेगावातून एसटी सुटली. पुढच्या बाकावरच्या दोघी जत्रेतल्या नाटकावर बोलायला लागल्या. ते लिहिणारा गोरख मागंच बसलाय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"दर साली जत्रंला लेकीकडं येते. नाटकात एक तालिब असतोयच. समदी म्हनत्यात, थांबा, तालिब येतोय. खेळ संपला तरी येत न्हाई मुडदा!"

"मुडदा नका म्हनू, मावशी. माजा भाऊ हाय तो."

"अगं बया! खराखुरा?"

"जत्रंचा पडदा रंगवायचा. गोरखभाऊ लिहायचा, ह्यो रंगवायचा. मग गावातली चार टाळकी म्हनली, आमचा देव ह्याच्या हातानं नको. बरश फेकून भिवंडीला गेला."

"किडं पडूत त्यांच्या तोंडात!"

"गोरखभाऊलाबी म्हनले, नाटकातनं नाव काढ. त्यानं नाय काढलं. मी दर साली शेजारनींकडनं ऐकून फोनवर सांगते, तालिब, यंदाबी तुजं नाव घेतलं. ऐकतो नि फोन ठिवतो. औंदा मातर विचारलं, आता पडदा कोन रंगवतं? मला कुठं ठावं? मी कधी गेलेच न्हाई बघायला."

"कोन रंगवतंय! कोराच टांगत्यात. पांढराफेक. मला वाटलं, रंगाची कडकी."

"कोरा? दर साली?"

"देवाशप्पत."

तालिबच्या बहिणीनं, जैबुन्निसानं, पिशवीतून मोबाइल काढला.

"तालिब? ऐक ना रे. पडदा कोराच हाय. तू गेल्यापास्नं."

"फाट्यावर कोन हाय?" कंडक्टर ओरडला.

गोरखला तिथंच उतरायचं होतं. पलीकडून काही ऐकू येतंय का म्हणून त्यानं मान पुढं काढली. फाटा मागं गेला.