परतीचं पीस

हलू नकोस गं! बोटीचं इंजिन उघडताना हात थरथरत नाहीत तुझे, आणि आईच्या सुईला घाबरतेस? — नाही घाबरत? बरं, मग मीच घाबरते, झालं? अख्ख्या बंदराचे दंड गोंदले मी, पण पोटच्या पोरीचा कधी नाही. भोंगा झाला का पहिला? मला नाही ऐकू आला. — ऐकला गं, ऐकला! शाई कालवत होते ना. सकाळी सुई बोथट होती म्हणून थांबले, ती खरंच होती. आणि काल दिवे गेले — बरं बाई, मीच बटण बंद केलं. आता तरी नीट बस.

पाकोळी पाखरू नसलं दंडावर तर नवख्याला जहाजाची शिडी चढू देत नाहीत, म्हणून गोंदायला बसलेय तरी. जाताना एक पंख. मग दर परतीला दुसऱ्या पंखाचं एकेक पीस, आणि तेही ज्या हातानं सुरुवात केली त्याच हाताचं — दुसऱ्या कुठल्या बंदरात गोंदवून घेतलंस तर तंगडं मोडीन! तुझ्या बाबांचा पंख भरला, समुद्र संपला, आणि जे खाटेवर बसले ते अजून उठले नाहीत. निरोपाला नाही येणार म्हणाले, डोळ्यांत काहीतरी जातं म्हणे. आणि तो जहाजावरचा आचारी? बुडू नये म्हणून पायावर माझ्याकडून कोंबडा काढून घेतला, तर लोक त्या कोंबड्याला बदक म्हणतात. पण आला ना परत, माझ्याशी भांडायला? तेवढं पुरे मला. भांडायला आलीस तरी चालेल गं, पण ये. ये म्हणजे झालं —

अगं. थांब. तू हललीस का? नाही? मग बोलता बोलता माझाच हात पलीकडे गेला... बघू नकोस! काही नाही, दुसऱ्या पंखाचं एक पीस पडलंय. गेली नाहीस अजून, आणि परतीचं पीस दंडावर! आता हे पुसायचं कसं? पुसत नाही ते. आता तुला यावंच लागेल, नाहीतर दंडावर खोटं घेऊन फिरशील जन्मभर — हसतेस काय? मुद्दाम? मी? कुणालाही विचार जाऊन, माझा हात कधी चुकत नाही! कोंबड्याचं सोड.

हा दुसरा भोंगा. ऊठ. दंडावर बांधलंय ते फडकं संध्याकाळपर्यंत काढायचं नाही, पाणी लावायचं नाही, आणि दारात थांबून मागं बघायचं नाही — मला सुया धुवायच्यात. जा. जा म्हटलं ना!