डॉक्टरांचा पितळी रेडिएटर

हसू नका, पण एका तांबटामुळे माझी नोकरी जाता जाता राहिली. सन तीसच्या सुमाराला मी महाडच्या एका डॉक्टरांची मोटार चालवायचो. गाडी जुनी, रेडिएटर गळका. पण डॉक्टरांचा हट्ट, "नवा नको, हा मूळचा पितळीच नीट करून घ्यायचा."

आम्ही तो काढून तांबटाकडे नेला. त्यानं वरची टाकी उघडली, आत बोट घातलं आणि म्हणाला, "डाक्टर, ह्यात भात हाय!"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आता लपवून उपयोग नव्हता. उन्हाळ्यात आंबेनळी घाटात गाडी तापली, तेव्हा मी एका म्हातारीकडे पाणी मागितलं होतं. ती म्हणाली, "पानी नाय रे, पेज हाय. चालंल?" पेज ओतली, शितांनी भोक बुजलं आणि गळती थांबली. मग पुन्हा गळायला लागेपर्यंत तीन महिने मी गाडीला पेजच पाजत होतो.

हे सगळं मी डॉक्टरांना सांगून टाकलं. मग रोग्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "पेजेत मीठ होतं?"

"होतं की, साहेब."

"गाढवा, मीठ पितळेला खातं! द्यायची तर अळणी द्यायची!"