काच एकदाच पुसायची

—हाच ना तो डाग, तुम्ही म्हणता तो? ताई, हा डाग नाही, समोरच्या घराच्या गच्चीची कड दिसतेय काचेतून. नाही? त्याच्या खाली? आणखी खाली? बरं, असेल. पण मी या घराच्या काचा केल्या त्या दिवशी तो नव्हता, एवढं मी शपथेवर सांगतो. नंतर तुम्ही काय केलंत काचेला ते सांगा आधी. पाहुणे यायचेत म्हणून फडकं मारलंत ना? मारतात, सगळ्याच मारतात — मी बादली उचलून फाटकाबाहेर गेलो रे गेलो की तुमचे हात शिवशिवतात, आणि मग पट्टे उठले की फोन कोणाला, तर मला. नाही मारलं? मग पोरांनी नाक लावलं असेल. पोरं नाहीत घरात? बरं, मग ऊन आहे. या वेळचं ऊन तिरकं पडतं, तिरक्या उन्हात हिऱ्यावरसुद्धा पट्टे दिसतील. ढग आहेत म्हणता? असू द्या ढग, ढगाआडून येतं ते जास्त वाईट.

नाही, आलोय तर पुसतो, त्याचं काही नाही. पण एक सांगून ठेवतो — इतकी वर्षं हा धंदा करतोय, एकट्याच्या जिवावर, मालक मीच आणि नोकर मीच, पण झालेल्या कामाला मला परत कोणी बोलावलं नव्हतं. कधीच नाही. आणि या आठवड्यात काय साथ आलीय कुणास ठाऊक — आधी कोपऱ्यावरचे पेन्शनर, मग ती दोन कुत्री पाळणारी बाई, आता तुम्ही. सगळ्यांना एकदम नवे डोळे फुटलेत. वर्षानुवर्षं ज्यांना खिडकी कुठल्या दिशेला आहे ते सांगता आलं नसतं, ते आता मला कोपरे दाखवतात. पेन्शनर तर खुर्ची टाकून बसले होते खाली, उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसे — जरा डावीकडे घ्या, जरा उजवीकडे घ्या — अहो, आयुष्यभर दुसऱ्याच्या फायली डावीकडून उजवीकडे सरकवल्यात, तेवढंच येणार.

तुम्हाला म्हणून सांगतो, काच कशी पुसतात हे लोकांना माहीतच नसतं. त्यांना वाटतं घासायची. घासतात काय, गाल आहे का तो? काच एकदाच पुसायची. बादलीत पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब — थेंब म्हणजे थेंब, तुम्ही बायका पिचकारी मारता — ओल्या बोळ्याने सगळं तावदान भिजवायचं, मग वायपर वरच्या कोपऱ्यात टेकवायचा आणि न उचलता, असा नागमोडी, खालपर्यंत आणायचा. उचलला की रेघ आली. रबर पुसायचं, पुढची काच. वरचा मजला आधी, खालचा नंतर, कारण पाणी वर चढत नाही. शिडी लावली की एका जागेवरून हाताला येतील त्या सगळ्या काचा करूनच उतरायचं. चहा घ्यायचा नाही, कारण चहा घेतला की कपाबरोबर मुलाच्या नोकरीची गोष्ट येते आणि सुनेची तक्रार येते. आणि कामात बोलायचं नाही. मी बोलत नाही कामात, तुम्ही बघताच आहात. आता हे बोलतोय ते तुम्ही विचारलंत म्हणून.

आणि सगळ्यात मोठं काय, सांगू? मागे वळून बघायचं नाही. हे कोणाला जमत नाही. ती गाडी घेऊन फिरणारी पोरं बघा, पाठीवर नाव छापलेले टी-शर्ट घालून — एक काच पुसतात, दोन पावलं मागे जातात, मान वाकडी करतात, परत पुढे येतात, नखाने खरवडतात, परत मागे. नाच चाललाय का? अर्धा दिवस बघण्यात जातो त्यांचा. मी बघत नाही. मला गरज नाही. रबर काचेवरून जाताना आवाज करतं, त्या आवाजावरून कळतं मला — ओली राहिली तर आवाज जाड येतो, स्वच्छ झाली की बारीक. कानाने पुसतो मी काच. डोळ्यांनी पुसतो तो कच्चा. आणि तसंही स्वच्छ काच म्हणजे काय, जी दिसत नाही ती. मला तर हल्ली एकही काच दिसत नाही, पुसायच्या आधीपासूनच.

म्हणजे — ती चेष्टा केली मी. हसा की.

सरका जरा, बादली आहे तिथे. नाही? अच्छा, ती कुंडी आहे होय. कुंडी कोणी वाटेत ठेवतं का? तुमच्या या ओळीतल्या लोकांना वस्तू कुठे ठेवाव्यात याचं भान नाही. गेल्या महिन्यात एकांकडे मी पायरी चुकलो, कारण पायरी भिंतीच्याच रंगाची केली होती. भिंतीच्या रंगाची पायरी. वर म्हणतात कसे, "मामा, डोळे तपासून घ्या एकदा." तुम्हीसुद्धा म्हणाला होता ना मागे? म्हणाला होता, लक्षात आहे माझ्या. नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गत — यांच्या घराला पायरी नीट नाही आणि दोष माझ्या डोळ्यांना. नाही जायचं मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तो काय करणार आहे, काच विकणार. काच पुसणाऱ्याला काच विकणार, आणि म्हणणार, आता शिडीवर चढू नका. एकदा त्याच्या खुर्चीत बसलं की ही बातमी फाटकाफाटकातून जाते, आणि मग शिडी गेली म्हणजे काय राहिलं? खालच्या काचा? खालच्या काचा कोणीही पुसतो. मी या खिडक्यांवर घर चालवलं, मुलगी उजवली. आता काय, दारात बसून लोकांच्या चपला मोजू?

घरीसुद्धा हीच भुणभुण होती. आमची मंडळी — बायको हो माझी — वर्षभरापूर्वी रोज एकच, डोळे दाखवा, डोळे दाखवा. मग एक दिवस आपोआप थांबली. मी म्हटलं, आली एकदाची अक्कल. बाईमाणूस चांगलं आहे, नाही म्हणत नाही मी, पण कामाला इतकी मंद की विचारू नका. एक पातेलं घासायला बसली की शेजारी स्वयंपाक होऊन जेवणं उरकतात. घरच्या आरशावर फडकं फिरवते तेसुद्धा असं, आधी ओलं, मग कोरडं, मग जुना कागद चुरगाळून, मग कोपऱ्यात बोट घालून. मी म्हणायचो, अगं, तू माझ्या धंद्यात असतीस तर आपण उपाशी मेलो असतो. हसायची नुसती. आणि आता या वयात तिला व्यायामाचं खूळ लागलंय. मी घरी येऊन जेवून आडवा झालो की ही निघाली पिशवी घेऊन, पाठीच्या व्यायामाच्या वर्गाला. पाठ काही सुधारली नाही, उलट संध्याकाळी विव्हळत येते. हात तर असे फुटलेत, सालपटं निघतात. मी चेष्टा केली, तुमच्या वर्गात काय पाण्यात हात घालून बसवतात का? तर तोंड फिरवून गेली आत. या आठवड्यात तेही बंद आहे, घरीच पडून आहे. म्हणून आज घरी स्वयंपाक नाही, नाहीतर एव्हाना—

हो, बरा आहे आता. सूज उतरलीय, पण टेकवत नाही अजून. डॉक्टर म्हणाले, हाड नाही मोडलं ते नशीब.

थांबा.

पायाचं कोणी सांगितलं तुम्हाला? मी म्हटलं घरी पडून आहे. ताप असेल, पोट असेल. पाय म्हणून मी बोललोच नाही. तुम्ही विचारलंत — "वहिनींचा पाय कसा आहे." तुम्ही कधी पाहिलंत तिला? तुमची ओळख कुठली? नाही, आता तोंडावर हात ठेवून उपयोग नाही, ताई. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. मला ती म्हणाली, वर्गाच्या पायऱ्यांवर घसरले.

शेजारी? म्हणजे या डॉक्टरीणबाईंच्या घरात? आणि तिथे काय करत होती ती?

स्टुलावर.

मी शेजारचं घर केलं होतं त्या दिवशी. सकाळीच उरकलं होतं. मग ती दुपारी तिथे स्टुलावर चढून कशाला— हं. हं. बोला तुम्ही, ऐकतोय मी.

म्हणजे मी निघालो की तासाभराने ती. फडकं आणि जुने कागद पिशवीत घालून. प्रत्येक घरी. तुमच्याकडेसुद्धा. पेन्शनरांकडे, कुत्र्यांच्या बाईकडे. आणि सगळ्यांना सांगून ठेवलेलं, मला कळू द्यायचं नाही. वर्षभर. वर्षभर तुम्ही सगळे फाटकात उभे राहून मला म्हणत होतात, मामा, तुमच्यासारखी काच कोणी पुसत नाही. मी छाती फुगवून घरी जात होतो आणि तिलाच सांगत होतो. जेवताना सांगायचो, आज अमुक बाई काय म्हणाली ऐक. ती पोळी वाढत ऐकायची. सगळी ओळ हसली असेल मला. आंधळं दळतंय, बघा गंमत, म्हणून.

नाही हसलात? मग काय, कीव केलीत? त्यापेक्षा हसला असतात तर बरं होतं.

मूर्खपणा आहे हा, शुद्ध मूर्खपणा. एका काचेला दोन माणसं, याला काम म्हणतात का? मी सकाळी पुसणार, ती दुपारी पुसणार — मग मी कशाला जातो तिथे, शिडी मिरवायला? आणि बाई कोण, तर जिला उंचीची इतकी भीती की माळ्यावरचा डबा मला काढून द्यावा लागतो. जत्रेतल्या उंच पाळण्यात बसली नाही कधी, मुलगी लहान असताना मीच बसायचो तिच्याबरोबर. ती स्टुलावर चढते. लोकांच्या घरात. दुखऱ्या पाठीने. एकेक कोपरा बोटाने पुसत बसत असेल, मला माहीत आहे तिची पद्धत, एकेका खिडकीला अर्धा अर्धा तास. आणि घरी येऊन परत माझं ऐकायचं, की ती मंद आहे.

पडली तेव्हा कोणी होतं का तिच्याजवळ? तुम्ही धावलात. बर्फ तुम्ही लावलात. काय म्हणाली? रडली का?

"यांना सांगू नका." एवढंच म्हणाली. बरं.

पाणी नको मला. चहा तर नकोच. उभं राहता येतंय मला, ताई. जरा शिडीला टेकतो. तुम्ही बघू नका माझ्याकडे अशा, मी काही पडलो नाही कुठून.

तो डाग कुठे म्हणालात? असं नका दाखवू, बोट दाखवून उपयोग नाही. तोंडाने सांगा. डावीकडे. आणखी. खाली. इथे? — हं. आता? अजून आहे? पुसट आहे. — आता? खरं सांगा, पाहुण्यांसारखं गोड बोलू नका. गेला? पूर्ण गेला. बरं.

ऐका आता, मी एकदाच सांगणार. मी पुढच्या महिन्यात येणार, नेहमीसारखा. शिडी लावणार आणि काचा पुसणार. मला काही कळलेलं नाही. तिचा पाय बरा झाला की ती येईल माझ्या मागून, तिला येऊ द्या. दार उघडा, काही बोलू नका. बसायला सांगा आधी, पाणी द्या, ती मागत नाही कधी. खालच्या काचा तिला हव्या तेवढा वेळ पुसू द्या. पण स्टूल द्यायचं नाही. मोडलं म्हणा, कोणी नेलं म्हणा, काय वाटेल ते सांगा. वरच्या काचांवर पट्टे राहिले तर राहू द्या, तुम्हाला दिसले तरी राहू द्या. डॉक्टरीणबाईंनाही सांगा, त्या पेन्शनरांनाही सांगा. त्यांना तेवढंच काम आहे.

डोळ्यांचं? ते माझं मी बघेन. तुम्हाला काय करायचंय? जा आत, पाहुणे यायचेत ना तुमचे.